गांजाचं व्यसन कुणाला लागेल, हे आधी सांगता येतं का?

नागनदी:

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत आहे. गेल्या आठवड्यात त्यानं स्वतःहून सांगितलं की शिकवणीतल्या मुलांबरोबर फुटाळा तलावावर गेला असताना त्यानं एकदा गांजा ओढला. मी ओरडले नाही, पण तेव्हापासून झोप उडाली आहे, कारण माझा सख्खा भाऊ. कॉलेजच्या पहिल्या वर्षात तो मित्रांबरोबर ओढायला लागला आणि आज बेचाळिशीतही त्याचा दिवस पुडीपासून सुरू होतो. नोकऱ्या गेल्या, लग्न मोडलं. त्याच्याच वर्गातले, त्याच्याच बरोबर ओढणारे मित्र मात्र आज व्यवस्थित संसार करत आहेत. हाच का अडकला आणि ते कसे सुटले, हे आमच्या घरात आजवर कुणालाच समजलेलं नाही.

नात्यातल्या एका लग्नात कुणीतरी सांगितलं की थुंकीचा नमुना देऊन जनुकांची तपासणी केली की व्यसनाचा धोका कळतो. चौकशी केली तर एका खासगी लॅबचा दर आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त निघाला. पैसे जमवीन, पण खरंच काही कळतं का? दुसरं म्हणजे, औषधाच्या दुकानात लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात. मुलाला न सांगता तपासावं का? जाणकारांनी कृपया लिहा. मला धीर नकोय, माहिती हवी आहे.

पोट्टा_उमरेडचा:

ताई, एकदा ओढल्यानं कोनी गंजेडी होत नाई. आमच्या गावात महाशिवरात्रीले अर्धं गाव भांग घेते अन् दुसऱ्या दिवशी वावरात कामाले जाते. पोट्ट्यानं सोताहून सांगतलं, हेच लय मोठं हाय. पन तुमच्या भावाचं वाचून माह्याबी मनात आलं, हे रक्तात असते का? आमच्या काकाचं दारूचं तसंच होतं.

सातपुड्याची_सावली:

ताई, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, नागपुरातच काम करतो. मुलगा बोलला आणि तुम्ही ऐकून घेतलंत, यामुळे पुढचं बरंच सोपं झालं आहे.

व्यसन नेमकं कशाला धरायचं, ते आधी सांगतो. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत गांजाच्या बाबतीत ११ लक्षणं दिली आहेत. ठरवलं त्यापेक्षा जास्त ओढलं जाणं, कमी करायचं म्हटलं तरी न जमणं, माल मिळवण्यात आणि नशा उतरण्यात दिवसाचा मोठा भाग जाणं, तलफ, अभ्यासाचे किंवा कामाचे खाडे, घरात भांडणं होऊनही चालू ठेवणं, खेळ आणि जुने मित्र सुटणं, गाडी चालवताना किंवा यंत्रावर असताना ओढणं, तब्येत किंवा मन बिघडतंय हे कळूनही न थांबणं, पूर्वीच्या मात्रेत नशा न चढणं, आणि बंद केल्यावर चिडचिड, निद्रानाश, भूक मरणं. यातली किमान दोन १२ महिन्यांत दिसली तर निदान होतं. २-३ असली तर सौम्य, ४-५ मध्यम, ६ किंवा जास्त असली तर तीव्र. एकदा ओढलेल्या मुलाला यातलं काहीही लागू होत नाही. तुमच्या भावाला बहुतेक बरंच काही लागू होत असावं.

मोजायला प्रश्नावल्या आहेत. कडिट-आर नावाची ८ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या ६ महिन्यांबद्दल विचारते, एकूण गुण ३२. आठ किंवा जास्त गुण आले तर वापर धोक्याचा, बारा किंवा जास्त आले तर आम्ही व्यसनाच्या दृष्टीनं सविस्तर तपासतो. जागतिक आरोग्य संघटनेची असिस्ट नावाची प्रश्नावलीही आहे. पण या दोन्ही आज काय चाललंय ते सांगतात. पाच वर्षांनी काय होईल, हा तुमचा प्रश्न वेगळा आहे.

त्या प्रश्नाला माझ्या मते सगळ्यात जास्त वजन तीन गोष्टींचं. सुरुवात कोणत्या वयात झाली, किती वेळा ओढलं जातं आणि कशासाठी ओढलं जातं.

वयाचं आधी. अमेरिकेतल्या अभ्यासांवरून असा ढोबळ अंदाज सांगितला जातो की आयुष्यात कधीतरी गांजा ओढणाऱ्यांपैकी साधारण ११ जणांत एक जण त्याच्या आधीन होतो. सुरुवात कुमारवयात झाली असेल तर हेच प्रमाण ६ जणांत एकापर्यंत जातं. यावर कुणी म्हणेल की लवकर सुरू करणारी मुलं मुळातच वेगळ्या घरातली, वेगळ्या स्वभावाची असतात, वयाचा काय दोष? ही शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियात २००३ साली ३११ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतल्या एकानं १७ वर्षांच्या आत गांजा सुरू केला होता, दुसऱ्यानं नाही. घर तेच, आईबाप तेच, एकाच गर्भातून आलेले. तरीही लवकर सुरू करणाऱ्याला पुढे इतर अमली पदार्थ, दारूची लत, नशेचं व्यसन यांचा धोका २ ते ५ पट दिसला. म्हणजे सगळं घराण्यावर ढकलता येत नाही. १७ च्या आत सुरू होऊ न देणं यालाच स्वतंत्र किंमत आहे.

वारंवारतेचं तर उघड आहे. सणासमारंभाला ओढणारा आणि रोज ओढणारा यांच्या धोक्यात फार मोठं अंतर आहे. 'आठवड्यातून किती वेळा?' हा एक प्रश्न मला बाकी दहा प्रश्नांइतकी माहिती देतो. त्यानंतर मी विचारतो की एकटा असताना ओढतोस का, आणि सकाळी उठल्याउठल्या ओढतोस का.

आणि कशासाठी? मित्रांबरोबर गंमत म्हणून ओढणाऱ्यापेक्षा झोप येत नाही म्हणून, घरातली भांडणं डोक्यातून जावीत म्हणून किंवा परीक्षेची धडधड थांबावी म्हणून ओढणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. त्याला औषध सापडलेलं असतं, आणि दुखणं तसंच राहिलेलं असतं. लक्ष न टिकणारी, बेचैन मुलं आणि लहान वयात मारहाण किंवा छळ सोसलेली मुलंही याच रांगेत येतात.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट परदेशी लेखांत फारशी सापडत नाही. इथली मुलं गांजा बहुतेक वेळा तंबाखूत मिसळून ओढतात. सिगारेट रिकामी करून भरतात, किंवा गोगो कागदात दोन्ही एकत्र वळतात. त्यामुळे निकोटीनची सवय त्याच झुरक्यातून लागते, आणि तलफ नेमकी कशाची आहे हे मुलाला स्वतःलाही ओळखता येत नाही.

नागनदी:

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. मुलाची झोप चांगली आहे, क्रिकेट खेळतो, घरात मारहाण कधीच नव्हती. पण मामाचं काय? ते वजन किती धरायचं?

आकडेमोड:

मी एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. ताईंचा मूळ प्रश्न 'सांगता येतं का' हा आहे, आणि तो माझ्या विषयातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अनुवंशिकता. जुळ्यांच्या अभ्यासांतून असं दिसतं की माणसामाणसांतल्या या धोक्यात जो फरक असतो, त्यातला साधारण निम्मा, किंवा थोडा जास्त, जनुकांशी जोडता येतो. उरलेला घर, शेजार, मित्र, वय, उपलब्धता यांच्याशी. मामा आणि भाचा यांच्यात सरासरी एक चतुर्थांश जनुकं सामायिक असतात. आईवडील किंवा सख्खं भावंड असेल तर निम्मी. त्यामुळे मामाचं व्यसन ही नोंद घेण्याजोगी माहिती आहे, पण वडिलांच्या व्यसनाइतकी वजनदार नाही.

आता जनुक-तपासणी. गांजाच्या व्यसनासाठी एकच एक जनुक नाही. २०२० साली मोठ्या आंतरराष्ट्रीय गटानं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जनुकसंचातल्या दोन जागा ठळकपणे सापडल्या. पुढे २०२३ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर काम झालं आणि जागा वाढल्या. पण प्रत्येक जागेचा परिणाम अगदी बारीक. असे हजारो बारीक परिणाम जोडून एक गुणांक काढतात, आणि तो माणसामाणसांतल्या फरकाचा लहानसाच भाग उलगडतो. शिवाय या अभ्यासांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. त्यांच्यावर बसवलेला गुणांक आपल्या लोकांना लावला की त्याची अचूकता आणखी घसरते. ताई, ते पैसे वाचवा. तुमच्या भावाचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, तो त्या अहवालाहून उपयोगी आहे आणि फुकट आहे.

मग जनुकांशिवायचे अंदाज कितपत चालतात? दोन कामं सांगतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा आजतागायत माग ठेवला जातो. त्या माहितीवरून २०१६ साली संशोधकांनी ९ साध्या गोष्टी घेऊन प्रौढपणी टिकून राहणाऱ्या व्यसनाचा अंदाज बांधला. घरची आर्थिक स्थिती, कुटुंबातलं व्यसन, लहानपणी वागणुकीच्या गंभीर तक्रारी, लहानपणचं नैराश्य, नशेच्या पदार्थांशी लवकर गाठ पडणं, कुमारवयात वारंवार दारू, तंबाखू किंवा गांजा, आणि मुलगा असणं. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर कमकुवत आहे, एकत्र घेतल्या तर कामाच्या. दुसरं काम टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या संख्याशास्त्रज्ञांचं, २०२२ चं. अमेरिकेत १९९४-९५ पासून शाळकरी मुलांचा जो मोठा अभ्यास चालू आहे, त्याची माहिती वापरून, गांजा ओढलेल्या तरुणाला पुढे व्यसन जडण्याची शक्यता त्यांनी काढली. त्यात लिंग, नियम मोडण्याची वृत्ती, लहानपणचे आघात, मित्रांचं ओढणं आणि स्वभावाचे तीन गुण आहेत. मन पटकन अस्वस्थ होणं, नव्याची ओढ आणि शिस्तशीरपणा.

ही मॉडेलं मला मोलाची वाटतात. पण त्यांचं उत्तर कसं वाचायचं, इथेच घोटाळा होतो, म्हणून एक मांडणी करतो. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. समजा गांजा ओढून पाहिलेली १००० मुलं आहेत आणि त्यातल्या १०० जणांना पुढे व्यसन लागणार आहे. आपल्याकडे बऱ्यापैकी चांगली चाचणी आहे. ती त्या १०० पैकी ७० जणांना बरोबर पकडते, आणि उरलेल्या ९०० पैकी ३० टक्क्यांना, म्हणजे २७० जणांना, उगाच धोक्यात दाखवते. चाचणीनं एकूण ३४० मुलांवर बोट ठेवलं. त्यातली खरी किती? ७०. पाचात एक. 'तुमचा मुलगा धोक्यात आहे' असं ऐकून घरी गेलेल्या पाचपैकी चार आईबापांची मुलं ठीकच राहणार होती. आणि ज्या ६६० जणांना 'काळजी नको' म्हटलं, त्यातल्या ३० जणांना व्यसन लागणारच होतं.

म्हणून चाचणी टाकाऊ का? मुळीच नाही. आधी धोका १० टक्के होता. बोट ठेवलेल्यांत तो २० झाला, न ठेवलेल्यांत साडेचारच्या आसपास आला. एखाद्या शाळेत एकच समुपदेशक असेल आणि आधी कोणत्या मुलांशी बोलायचं हे ठरवायचं असेल, तर हा फरक सोन्याचा आहे. एका मुलाच्या कपाळावर काही लिहायला मात्र तो पुरत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. अंदाज गटाचा असतो, मूल एकटं असतं.

आणि एक. डॉक्टरांनी दिलेला '११ जणांत एक' हा आकडा वाचून कुणी इथे वेगळे आकडे आणेल, म्हणून आधीच सांगतो. सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या, २०१९ साली आलेल्या सर्वेक्षणात, वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले भारतीय सुमारे ३ कोटी १० लाख होते आणि मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. म्हणजे जवळपास चारात एक. दोन्ही आकडे खरे असू शकतात. पहिल्याच्या छेदात आयुष्यात एकदा तरी ओढलेले सगळे येतात, दुसऱ्याच्या छेदात फक्त त्या वर्षभरात घेतलेले. शिवाय पहिल्यात पुरती आधीनता मोजली आहे, दुसऱ्यात नुकसान होत असलेले पण आधीन न झालेलेही आहेत. छेद न बघता टक्केवारी पुढे पाठवणारे लोक घराघरांत नाहक भीती किंवा नाहक बेफिकिरी पसरवतात.

पोट्टा_उमरेडचा:

सर, हे भारी समजावलं. एक सांगा, भांग अन् गांजा एकाच हिशोबात कायले धरून राहिले? सरकारी दुकानात भांग मिळते ना बाप्पा काही राज्यांत.

सातपुड्याची_सावली:

झाड एकच, भाग वेगळे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात 'गांजा' म्हणजे फुलांचे आणि फळांचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग बाहेर राहिली. पानांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, कमी असतं, शेंड्यांत जास्त, चरसात त्याहून जास्त. शिवाय धूर काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतो, तर पोटातून गेलेल्या भांगेला अर्धा ते दोन तास लागतात. झुरका आणि नशा यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी सवय लवकर जडते. त्याच सर्वेक्षणात भांग घेणारे संख्येनं जास्त होते, पण आधीन होण्याचं प्रमाण गांजा-चरस ओढणाऱ्यांत जास्त दिसलं. तुमच्या गावची वर्षातून एकदाची शिवरात्र आणि रोजची पुडी यांत फरक आहेच, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त भांगेचा परिणाम उशिरा येतो म्हणून 'काहीच होईना' असं म्हणत दुसरा-तिसरा पेला घेणारे दरवर्षी आमच्याकडे रात्री घाबरून येतात. मुलांना तोही पेला देऊ नका.

इतवारीकर:

वाचून राहवलं नाही. मी अनेक वर्षं ओढत होतो, आता बंद आहे. आकडेमोड सरांची ३४० मुलांची मांडणी वाचताना मी स्वतःला त्यात शोधत होतो. घरात कुणालाही कसलं व्यसन नव्हतं. वडील माळकरी, दुकान आणि देऊळ एवढंच त्यांचं जग. कुणी दहावीत माझा फॉर्म भरून घेतला असता तर घराण्याच्या रकान्यात शून्य आलं असतं. पण शेवटच्या बाकावरची सगळी टोळी ओढायची, आणि मला रात्री झोप येत नसे. आई गेली त्या वर्षापासून. हे तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. पहिल्यांदा गांजा ओढून गाढ झोपलो, तेव्हा वाटलं की आपल्याला हवं होतं ते सापडलं.

डॉक्टर म्हणतात तसं, पहिले काही महिने शनिवारीच असायचं, टोळीबरोबर. मग कधीतरी मी गच्चीवर एकटा ओढायला लागलो. माझ्या मते माझं वळण ते होतं. मित्र होते तेव्हा गप्पा होत्या, हसणं होतं. एकट्यानं ओढायला लागल्यावर फक्त झोप उरली. त्यानंतर सकाळचं सुरू झालं ते मला कळलंसुद्धा नाही. टोळीतल्या बाकीच्यांनी नोकरी लागल्यावर हळूहळू सोडलं. ते माझ्यापेक्षा मनाचे पक्के होते असं मला वाटत नाही. त्यांना रात्री झोप येत होती.

ताई, तुमच्या भावाबद्दल तुम्ही जे विचारलंत, हाच का अडकला, त्याचं उत्तर कदाचित त्याच्याकडेच असेल. तो ओढायला लागला त्या वर्षी त्याच्या आयुष्यात काय चाललं होतं, हे त्याला कधी कुणी विचारलंय का?

नागनदी:

इतवारीकर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्याच वर्षी तो पहिल्यांदा नापास झाला होता आणि बाबांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं. जवळपास वर्षभर.

खडू_फळा:

मी शाळेत समुपदेशक आहे. लघवीच्या पट्टीचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. कृपया लपून तपासू नका. एक तर ती पट्टी तुम्हाला हवं ते सांगत नाही. एखाद्या वेळी ओढलेलं काही दिवस दिसतं आणि रोज ओढणाऱ्याचं बंद केल्यावरही काही आठवडे दिसत राहतं. पट्टी 'हो' म्हणाली तर मुलानं एकदा ओढलं की रोज ओढतो, हे त्यातून कळत नाही. आणि मुलाला कळलं (कळतंच, बाथरूममधल्या गोष्टी घरात लपत नाहीत) तर पुढच्या वेळी तो तुम्हाला फुटाळ्याचं सांगणार नाही. आज तुमच्याकडे असलेली सगळ्यात चांगली तपासणी म्हणजे त्याचं स्वतःहून बोलणं. ती मोडू नका.

आम्हाला प्रशिक्षणात 'प्रिव्हेंचर' हा कार्यक्रम शिकवला गेला, तो पॅट्रिशिया कॉनरॉड या संशोधक बाईंनी उभा केला. मला तो मनापासून पटतो. त्यात मुलांना व्यसनाची भीती घालत नाहीत. स्वभावाचे चार कल बघतात. छातीत धडधडलं तरी घाबरून जाणारी मुलं, सतत निराश वाटणारी, विचार करायच्या आधी करून मोकळी होणारी, आणि थरार हवा असणारी. ज्याचा जो कल, त्याच्या छोट्या गटाला त्या स्वभावाला सांभाळायचं कसं हे शिकवतात. दीड-दीड तासाची दोन सत्रं, एवढंच. घाबरणाऱ्या मुलाला धडधड कशी हाताळायची ते, थरारवाल्याला थरार कुठे शोधायचा ते. अंदाज बांधण्याचा असा उपयोग मला मान्य आहे, कारण मुलाच्या हातात काहीतरी येतं.

याउलट, एका शाळेत 'धोक्यातली मुलं' अशी यादी करून ती शिक्षकांच्या खोलीत लावलेली मी पाहिली आहे. आठवडाभरात ती यादी मुलांपर्यंत पोचली, आणि यादीतली मुलं एकमेकांचे मित्र झाली. ओढणारे मित्र हाच जर धोका असेल, तर त्या यादीनं तो तयार केला. अजून राग येतो.

ताई, मुलाला तीन गोष्टी विचारा, पण एका बैठकीत नको. गाडीवर मागे बसला असताना विचारा, समोरासमोर डोळ्यांत बघत नको. ओढल्यावर कसं वाटलं? परत ओढावंसं वाटलं का? आणि पुढच्या वेळी टोळीनं दिलं तर काय म्हणशील? तिसऱ्याचं वाक्य त्याच्याबरोबर बसून तयार करा. मुलांना 'नाही' म्हणायचं असतं, शब्द सुचत नाहीत.

काळा_कोट:

कायद्याचं थोडक्यात, कारण या भीतीनंही लोक उपचाराला जात नाहीत. गांजा ओढणं हा एनडीपीएसच्या कलम २७ खाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दवाखान्यात गेलं की पोलिसांना कळतं, ही समजूत मनातून काढा.

आकडेमोड:

खडू_फळा, यादीचा अनुभव वाचून वाईट वाटलं आणि माझं म्हणणं अधिक पक्कं झालं. अशा अंदाजात दोन जातीच्या गोष्टी असतात. मामा, जनुकं, मुलगा असणं, होऊन गेलेले आघात, हे बदलता येत नाही. सुरुवातीचं वय, वारंवारता, टोळी, झोप, तंबाखू, हे बदलता येतं. घरच्या माणसानं पहिल्या जातीकडे एकदा बघावं आणि दुसरीवर काम करावं. ताई, मुलाला मामाचं नक्की सांगा. 'तू मामासारखा होशील' असं नको. 'आपल्या घरात या गोष्टीला जरा लवकर अडकायला होतं, म्हणून इतरांना चालतं ते तुला चालेलच असं नाही' एवढं सांगा. मधुमेहाचं सांगतो, तसंच.

सातपुड्याची_सावली:

सहमत. त्यात एक भर घालतो, आणि ही महत्त्वाची आहे. ताई, तुमच्या भावाला किंवा घरात आणखी कुणाला कधी आवाज ऐकू येणं, लोक कट करताहेत असं वाटणं, असा त्रास झाला आहे का? व्यसनाचा धोका आणि मनोविकृतीचा धोका हे दोन वेगळे हिशोब आहेत. २०१९ मध्ये युरोपातल्या शहरांचा आणि ब्राझीलमधल्या एका ठिकाणचा मिळून अभ्यास आला. त्यात जास्त टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांत, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, मनोविकृतीचं प्रमाण जवळपास ५ पट दिसलं. घरात असा आजार असेल तर मी 'कमी ओढ' असं कधीच सांगत नाही, अजिबात नको असंच सांगतो.

नागनदी:

नाही, तसा त्रास घरात कुणालाच झालेला नाही. भावाला विचारलं, तोही नाही म्हणाला.

सगळ्यांचे आभार. जनुक-तपासणी रद्द केली. पट्टीही आणणार नाही. काल मुलाला गाडीवरच विचारलं. ओढल्यावर डोकं जड झालं, बोलणं सुचेना, आवडलं नाही म्हणाला. परत दिलं तर काय म्हणणार, यावर त्याचं त्यानंच उत्तर काढलं, 'माझा मामा यात गेलाय, मला नको.' मी त्याला मामाचं सांगायच्या आधीच त्याला सगळं माहीत होतं. शिकवणीची वेळ बदलून संध्याकाळी मैदानावर जाता येईल असं करतोय.

आता माझ्या मनात भाऊ आहे. इतवारीकरांनी सांगितलं तो प्रश्न मी त्याला फोनवर विचारला. आधी गप्प बसला. मग म्हणाला, 'बेचाळिसाव्या वर्षी सोडून आता काय उपयोग?' यावर मी काय सांगू?

सातपुड्याची_सावली:

सांगा की उपयोग आहे. पहिले दिवस कसे जातील तेही आधीच सांगा, म्हणजे घाबरून परत ओढणार नाही. बंद केल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी, घाम, भूक न लागणं, झोप न येणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात हे सगळ्यात जास्त असतं, दोन-तीन आठवड्यांत बरंचसं ओसरतं. झोप आणि विचित्र स्वप्नं थोडी जास्त रेंगाळतात. गांजाच्या व्यसनावर मान्यता मिळालेलं खास औषध नाही, पण त्रासाच्या लक्षणांवर औषधं देता येतात, आणि बोलण्याच्या उपचारांचा फायदा होतो हे सिद्ध झालेलं आहे. त्याला सोडायचं का आहे ते त्याच्याच तोंडून येऊ देणं आणि तलफेच्या वेळी काय करायचं ते शिकवणं. तंबाखूही ओढत असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवा. त्याला एकदम यायचं नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आधी तोच फोन करू द्या. तुम्ही लावून देऊ नका, क्रमांक फक्त त्याच्याकडे ठेवा.

इतवारीकर:

ताई, मी सोडलं तेव्हा चाळिशी ओलांडली होती. भावाला माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, मी नंबर देतो. रात्री दुकान बंद झाल्यावर कधीही चालेल. झोप येत नसेल तर उशिरासुद्धा.